वेब सेवेतील संदेशांची व्याख्या: काटेकोर टाइप की सैल टाइप?

प्रश्न

आमच्याकडे एक जुनी सोप वेब सेवा आहे, म्हणजे सोप या प्रोटोकॉलनुसार एक्सएमएल संदेशांची देवाणघेवाण करणारी सेवा. तिच्या डब्ल्यूएसडीएलमध्ये (सेवेची ऑपरेशन व संदेश सांगणाऱ्या करार-फाइलमध्ये) एकच ऑपरेशन असून त्याला दोन स्ट्रिंग (साधा मजकूर) द्याव्या लागतात: पहिलीत व्यवहाराच्या प्रकाराचे नाव आणि दुसरीत त्या व्यवहाराचा संपूर्ण एक्सएमएल मजकूर. उत्तरही एका स्ट्रिंगमध्येच परत येते. नवा व्यवहार सुरू करताना डब्ल्यूएसडीएलला हात लावावा लागत नाही, या एका सोयीवर ही रचना आजवर टिकून आहे.

आता सेवेची पुनर्रचना करायची ठरली असून आमच्या गटात दोन मते आहेत. एका बाजूचे म्हणणे असे, की प्रत्येक व्यवहाराला वेगळे ऑपरेशन आणि वेगळा रूट एलिमेंट द्यावा आणि एक्सएसडीमध्ये (एक्सएमएलची रचना ठरवणाऱ्या स्कीमात) प्रत्येक फील्डचा टाइप काटेकोरपणे बांधून टाकावा. दुसऱ्या बाजूला वाटते, की तसे केल्यास एखादे फील्ड वाढले तरी सगळ्या क्लायंटना डब्ल्यूएसडीएलवरून कोड पुन्हा जनरेट करावा लागेल. त्यापेक्षा स्ट्रिंगच्या जागी एक्सएसडीतील ‘एनी’ हे वाइल्डकार्ड (कोणताही एलिमेंट चालेल अशी मोकळी जागा) ठेवावे आणि आतल्या मजकुराची रचना दस्तऐवजात समजावून सांगावी. अडचण अशी, की संदेशातील काही भाग आम्ही स्वतः वाचतो, तर क्लायंटने जोडलेली पूरक माहिती आम्ही न उघडता पुढच्या प्रणालीकडे पाठवतो. एकाच सेवेत दोन्ही पद्धती मिसळणे योग्य ठरेल का, आणि कुठे काटेकोर राहायचे व कुठे सैल सोडायचे, हे कोणत्या निकषावर ठरवावे?

प्रतिसाद १

प्रथम स्ट्रिंगचा निकाल लावून टाकू, कारण सैल व्याख्येचे जेवढे प्रकार आहेत त्यांतला हा सर्वांत महागडा आहे. संदेशाचा टाइप स्ट्रिंग ठेवला म्हणून करार नाहीसा होत नाही. तो डब्ल्यूएसडीएलमधून उठून वर्ड फाइलमध्ये, जुन्या ईमेलमध्ये आणि दोन-चार अनुभवी सहकाऱ्यांच्या डोक्यात जाऊन बसतो. तिथे त्याची तपासणी कोणतेही साधन करू शकत नाही.

तांत्रिक त्रासही कमी नाही. एक्सएमएलच्या आत एक्सएमएल स्ट्रिंग म्हणून घालायचे, तर आतला प्रत्येक कोनी कंस एस्केप करावा लागतो, म्हणजे सांकेतिक रूपात लिहावा लागतो. ते टाळण्यासाठी सीडेटा (मजकूर जसाच्या तसा ठेवणारा विभाग) वापरला, तर सीडेटाच्या आत सीडेटा बसत नाही, त्यामुळे आतल्या मजकुरात सीडेटा असेल तर बाहेरचा विभाग मध्येच बंद होतो आणि पुढचा भाग पार्सरला निरर्थक वाटू लागतो. एन्कोडिंगचा (अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीचा) घोळ तर हमखास भेटणारा आहे. डॉटनेटमधील स्ट्रिंगरायटर वापरून एक्सएमएल लिहिले, की त्याच्या पहिल्या ओळीत एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-१६ अशी नोंद येते. बाहेरचा सोप संदेश मात्र यूटीएफ-८ मध्ये जातो. पलीकडच्या सेवेने ती स्ट्रिंग काढून तिचे यूटीएफ-८ बाइट केले आणि पार्सरकडे दिले, की पार्सर पहिल्या ओळीवर विश्वास ठेवतो आणि तिथेच थांबतो. दोन्ही बाजूंचे लोक आपापले लॉग दाखवून ‘आमचा मजकूर बरोबर आहे’ असे सांगत राहतात, आणि एका अर्थाने दोघांचेही खरे असते.

शिवाय वाटेतील गेटवेला असा संदेश म्हणजे केवळ एक लांबलचक स्ट्रिंग दिसते. स्कीमा-तपासणी, फील्डनुसार राउटिंग, आतल्या एखाद्या एलिमेंटवर डिजिटल स्वाक्षरी, यांपैकी काहीही थेट करता येत नाही. म्हणून आपल्या गटातील दुसऱ्या बाजूने सुचवलेला ‘एनी’ हा निदान स्ट्रिंगपेक्षा निश्चितच बरा, कारण आतला मजकूर खरा एक्सएमएल म्हणून वाटेतल्या साधनांना दिसतो.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु काटेकोर टाइपची बाजू घेणारे त्याची किंमत क्वचितच सांगतात, म्हणून ती इथे मांडतो.

सर्वांत जास्त मोडतोड एन्युमरेशनमुळे होते. समजा, उत्तरातील स्थिती या फील्डला ‘स्वीकृत’, ‘प्रलंबित’ आणि ‘नाकारले’ अशा तीनच किमती स्कीमात ठरवून दिल्या आणि नंतर ‘अंशतः स्वीकृत’ अशी चौथी किंमत आली. सर्व्हरच्या दृष्टीने ही किरकोळ भर आहे. पण जुन्या स्कीमावरून जनरेट केलेल्या क्लायंटकडे त्या किमतीला जागाच नसते; काही साधने अशा वेळी एरर देतात, तर काही साधने ते फील्ड निमूटपणे रिकामे ठेवतात. दुसरा प्रकार अधिक धोक्याचा, कारण व्यवहार पुढे सरकतो आणि चूक हिशेब जुळवताना उघडकीस येते. क्लायंटकडून येणाऱ्या विनंतीत एन्युमरेशन ठेवायला माझी हरकत नाही, कारण तिथे नकार देणारे आपणच असतो. उत्तरात मात्र जी यादी भविष्यात वाढू शकते, तिचा टाइप स्ट्रिंग ठेवावा आणि अनोळखी किंमत आल्यास क्लायंटने काय करायचे ते लिहून द्यावे.

दुसरी गोष्ट सीक्वेन्सची, म्हणजे एलिमेंटच्या ठरलेल्या क्रमाची. ‘आपण नंतर हवी ती फील्ड वाढवू’ या हेतूने टाइपच्या शेवटी सरसकट ‘एनी’ ठेवला, तर एक्सएसडी १.० मध्ये तो हेतू नेमका तिथेच अडतो. त्या वाइल्डकार्डच्या आधी स्वतःच्याच नेमस्पेसमधील (एलिमेंटच्या नावांच्या गटातील) एखादा ऐच्छिक एलिमेंट असेल, तर समोर आलेला एलिमेंट त्या व्याख्येत मोडतो की वाइल्डकार्डमध्ये, हे पार्सरला निःसंदिग्धपणे ठरवता येत नाही आणि स्कीमाच अवैध ठरतो. म्हणून वाइल्डकार्डला ‘अदर’ हे बंधन घालावे लागते, म्हणजे तिथे फक्त परक्या नेमस्पेसचे एलिमेंट येऊ शकतात. २०१२ च्या एक्सएसडी १.१ ने ही अडचण दूर केली. त्यात संशय आल्यास घोषित एलिमेंटला प्राधान्य मिळते. मात्र डॉटनेटमधील अंगभूत स्कीमा-तपासनीस आणि लिबएक्सएमएल२ ही लायब्ररी यांना १.० च समजते, त्यामुळे ज्या सेवेचे क्लायंट आपल्या हातात नाहीत तिथे १.१ वर विसंबणे मला धाडसाचे वाटते.

बाकी आरपीसी-एन्कोडेड शैलीचा, म्हणजे स्कीमाऐवजी सोपच्या स्वतःच्या एन्कोडिंग नियमांनी संदेश लिहिण्याचा, विचार कोणी मांडत असेल तर तो सोडून द्यावा. वेब सेवांच्या परस्परसुसंगतीचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूएस-आय संस्थेच्या २००४ मधील बेसिक प्रोफाइलने ती बाद ठरवली असून सध्याच्या साधनांत तिचा आधारही तुटपुंजा आहे.

प्रश्नकर्त्याचा खुलासा

दोन्ही प्रतिसादांबद्दल आभारी आहे. स्ट्रिंग काढण्याबद्दल आता आमच्यात दुमत राहणार नाही. न उघडता पुढे पाठवायच्या माहितीबद्दल आणि कोड पुन्हा जनरेट करण्याच्या भीतीबद्दल मात्र अजून स्पष्टता हवी आहे.

प्रतिसाद ३

आपण विचारलेला निकष आपल्याच प्रश्नात दडलेला आहे. ज्या फील्डची किंमत पाहून आपली सेवा काही निर्णय घेते, हिशेब करते किंवा नोंद शोधते, ते फील्ड काटेकोर टाइपचे असावे. जे आपण केवळ वाहून नेतो, त्याला टाइप देण्याचा आपल्याला अधिकार नाही. तो ते वाचणाऱ्याचा आहे. कुरिअरवाल्याला पत्ता स्पष्ट हवा आणि वजन नेमके हवे, आतल्या वस्तूशी त्याला कर्तव्य नसते. तेव्हा व्यवहार क्रमांक, तारीख, रक्कम आणि व्यवहाराचा प्रकार हे सारे बांधून टाका, आणि पूरक माहितीसाठी ‘विस्तार’ यासारखा एक नाव दिलेला एलिमेंट ठेवून फक्त त्याच्या आत ‘एनी’ ठेवा. नेमस्पेसचे बंधन ‘अदर’ असू द्या आणि तपासणीची पातळी ‘लॅक्स’ ठेवा: ज्या एलिमेंटचा स्कीमा तपासनीसाला माहीत आहे तो तपासला जातो, जो माहीत नाही तो सोडून दिला जातो. ‘स्ट्रिक्ट’ ठेवले, तर प्रत्येक परक्या एलिमेंटचा स्कीमा आपल्याला जवळ बाळगावा लागेल, आणि मग वाइल्डकार्ड कशाला ठेवले असा प्रश्न पडेल.

प्रोटोकॉल बफर्सची (गूगलच्या संदेश-स्वरूपाची) जडणघडण पाहिली तर तिथेही याच वाटेने जावे लागल्याचे दिसते. त्यांच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘रिक्वायर्ड’ हा शब्दच काढून टाकला गेला, कारण एकदा सक्तीचे केलेले फील्ड नंतर सुरक्षितपणे सैल करता येत नव्हते. तसेच त्या आवृत्तीत सुरुवातीला अनोळखी फील्ड गाळली जात असत, ३.५ पासून ती पुन्हा जपली जाऊ लागली. आपल्यासारख्या मध्यस्थ सेवेला हा फरक केवढा मोठा आहे, हे वेगळे सांगायला नको.

आता भीतीबद्दल. डब्ल्यूएसडीएलमधील करार काटेकोर असणे आणि तो वाचणारा कोड जनरेट केलेल्या क्लासेसना बांधलेला असणे, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि चर्चेत त्या नेहमी एकत्र गुंडाळल्या जातात. जावाच्या जॅक्स-डब्ल्यूएसमध्ये प्रोव्हायडर इंटरफेस वापरून संपूर्ण संदेश कच्च्या एक्सएमएलच्या स्वरूपात हाती घेता येतो, क्लायंटच्या बाजूला तेच काम डिस्पॅच करतो, आणि डॉटनेटच्या डब्ल्यूसीएफमध्ये मेसेज हा क्लास आहे. म्हणजे जाहीर करार पूर्ण टाइपबद्ध ठेवून आपला कोड एक्सपाथने (एक्सएमएलमधील हवा तो भाग शोधणाऱ्या भाषेने) हवी तेवढीच फील्ड उचलू शकतो. ज्या क्लायंटना क्लासेसची सोय हवी ते जनरेट करतील. आणि जोवर आपण केवळ ऐच्छिक एलिमेंट वाढवत आहोत, तोवर एक्सपाथने वाचणाऱ्यांना काही फरक पडत नाही.

वाइल्डकार्डच्या आतल्या मजकुराला आकाराची मर्यादा घालावी, आणि तो मजकूर न वाचता पुढे जाणार असला तरी पार्सरमधील बाह्य एंटिटी (बाहेरून मजकूर ओढणारे संदर्भ) आणि डीटीडी (संदेशासोबत येणारी रचना-व्याख्या) बंद ठेवावेत.

प्रतिसाद ४

वरच्या निकषात एक दुरुस्ती सुचवतो. आपण केवळ वाहून नेतो असे म्हणतो तेही बहुतेक वेळा कुठेतरी साठवले जाते, आणि साठवलेले कधीतरी कोणीतरी शोधायला येते. त्यामुळे ‘विस्तार’ या एलिमेंटमध्ये कोणत्या नेमस्पेस आल्या, याची नोंद तरी ठेवावी. एखादी नेमस्पेस सतत दिसू लागली, तर ती माहिती आता सैल राहिलेली नाही असे समजून तिला मुख्य स्कीमात जागा द्यावी.

आपण पुढे एक्सएमएल सोडून जेसन या संदेश-स्वरूपाकडे वळणार असाल, तर वाद संपेल असे समजू नका. तिथे संख्येला एकच टाइप आहे आणि जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे पूर्णांक खात्रीने नेमके राहत नाहीत. त्याच्याच पुढचा, शेवटी ९९३ असलेला क्रमांक वाचताना शेवटी ९९२ होतो, आणि कुठेही एरर येत नाही. म्हणून व्यवहार क्रमांक दिसायला संख्या असला तरी त्याचा टाइप स्ट्रिंगच ठेवावा आणि त्याचा आकृतिबंध स्कीमात द्यावा. काटेकोरपणा म्हणजे दिसेल तिथे इंटीजर लिहिणे नव्हे.

स्थलांतराबाबत: जुने ऑपरेशन लगेच बंद करू नका. त्याच्या आत येणारी स्ट्रिंग पार्स करून नव्या टाइपबद्ध संदेशात रूपांतरित करा आणि व्यवहाराचे खरे काम एकाच ठिकाणी ठेवा. नवा स्कीमा जाहीर करण्यापूर्वी मात्र तो साठवलेल्या जुन्या संदेशांवर चालवून पाहा, आणि काही काळ चालू संदेशांवरही केवळ लॉग लिहिण्यापुरता चालवा, कोणालाही नकार न देता. दस्तऐवजात अनिवार्य म्हटलेली तारीख प्रत्यक्षात रिकामी येते, रकमेत स्वल्पविराम असतात, एकच फील्ड दोन क्लायंट दोन अर्थांनी वापरतात, असे बरेच काही त्या लॉगमध्ये सापडेल. कोणते फील्ड सक्तीचे करायचे ते त्यानंतरच ठरवा.