रॅप्चर महासंकटाआधी? वचनं नेमकी काय म्हणतात

अधोरेखित
विश्वासणारे प्रभूला सामोरे जायला अंतराळात घेतले जातील हे १ थेस्सलनीकाकर ४:१७ मध्ये स्वच्छ लिहिलंय, त्यावर माझा वाद नाही. तिथल्या ग्रीक क्रियापदाचं लॅटिन भाषांतर 'रापिएमुर', त्यावरूनच 'रॅप्चर' आलं. माझा वाद वेळेपुरता आहे: महासंकट, म्हणजे ख्रिस्त परत येण्याआधीचा भीषण संकटाचा काळ, त्याच्या आधी की नंतर. 'सात वर्षांच्या महासंकटाआधी मंडळी (सगळे विश्वासणारे मिळून) उचलली जाईल आणि ख्रिस्त नंतर वेगळ्याने, उघडपणे येईल' असं एका जागी सांगणारा एकही उतारा नाही. सात वर्षं दानीएल ९:२७ मधून घेतली, वर जाणं पौलाकडून (थेस्सलनीकाकरांचं पत्र त्याचंच), 'परीक्षेच्या घटकेपासून राखीन' हे बायबलच्या शेवटच्या पुस्तकातून, प्रकटीकरण ३:१० मधून. तिन्ही तुकडे अस्सल, पण सांधा आपण मारलेला. आणि मत्तय २४:२९-३१ सरळ वाचलं तर 'संकटानंतर लगेच' कर्णा वाजतो आणि निवडलेले गोळा होतात. कर्णा, मेघ, गोळा होणं हे सगळं पौलाच्या वचनातही आहे. मग हे दोन वेगळे प्रसंग कशावरून?

दुसरी_बाजू
सांधा मारणं हा गुन्हा असेल तर त्रैक्याचा (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धांतही एका वचनात मिळत नाही. सांधा टिकतो का, एवढंच बघायचं. ३:१० मध्ये 'संकटापासून राखीन' नाही, 'घटकेपासून' आहे. ती वेळच टाळायची तर तिच्यात असून चालणार नाही. दुसरं, 'मंडळी' हा शब्द प्रकटीकरणाच्या पहिल्या तीन अध्यायांत पुन्हा पुन्हा येतो आणि मग थेट २२:१६ ला. मधे महासंकटाचे शिक्के, कर्णे, वाट्या या सगळ्या शिक्षा घडून जातात, मंडळीचं नाव नाही.

ग्रीक_कच्चं_नाही
३:१० मधला 'तेरेओ एक' ('-पासून राखणं') हा ग्रीक प्रयोग नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी आहे, योहान १७:१५. तिथे येशू म्हणतो, त्यांना जगातून काढून घे अशी माझी विनंती नाही, त्यांना वाइटापासून राख. म्हणजे काढून घेणं आणि राखणं ही दोन टोकं समोरासमोर ठेवलीत, आणि तुमचा शब्द दुसऱ्या टोकाचा आहे. 'घटका' असल्यामुळे थोडा फरक पडतो हे मान्य, पण सगळा सिद्धांत त्या एका शब्दावर तोलू नये.

'मंडळी' शब्दाचा पुरावा तर उलटतो. अध्याय ४ ते १९ मधल्या स्वर्गातल्या दृश्यांतही तो शब्द नाही. पृथ्वीवर नाव नाही म्हणून मंडळी पृथ्वीवर नाही, तर त्याच न्यायाने ती स्वर्गातही नाही! शिवाय १३:७ मध्ये श्वापद (शेवटच्या काळातला देवाचा शत्रू) 'पवित्र जनांशी' लढतं, ते कोण?

दुसरी_बाजू
महासंकटाच्या काळात विश्वास ठेवणारे. अध्याय ७ मध्ये इस्राएलच्या वंशांतले १,४४,००० आणि अगणित समुदाय दोन्ही आहेत. इस्राएल आणि मंडळी यांच्यासाठी देवाची योजना वेगळी, हे मान्य केलं की बाकीचं जागच्या जागी बसतं. ते अमान्य असेल तर आपला वाद रॅप्चरचा नाहीच, त्याच्या एक मजला खालचा आहे.

अधोरेखित
हे मात्र खरं बोललात. बहुतेक भांडणं वरच्या मजल्यावरच चालतात.

नवखा_वाचक
प्री, मिड, पोस्ट यांत नेमका फरक काय? एका दमात सांगा.

ग्रीक_कच्चं_नाही
प्री: सात वर्षं सुरू होण्याआधी. मिड: साडेतीन वर्षांनी, म्हणजे ४२ महिने किंवा १,२६० दिवसांच्या खुणेवर. प्री-रॅथ: मध्यबिंदूनंतर कधीतरी, सहाव्या शिक्क्यानंतर पण देवाचा क्रोध ओतला जाण्याआधी. पोस्ट: शेवटी, द्वितीयागमनासोबतच. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरा असे दोन टप्पे मानतच नाहीत. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या परिच्छेद ६७५ मध्ये तर ख्रिस्ताच्या आगमनाआधी मंडळीला शेवटच्या परीक्षेतून जावं लागेल असं स्पष्ट आहे.

जुनी_पोथी
इतिहासही बघा. महासंकटाआधीच्या रॅप्चरची शिकवण पद्धतशीर मांडली धर्मोपदेशक जॉन नेल्सन डार्बीने, १८३०च्या दशकात, आणि घराघरांत नेली १९०९च्या स्कोफील्ड बायबलच्या तळटीपांनी. तळटीप वचनाच्या पानावरच छापली की वाचणाऱ्याला ती वचनच वाटू लागते. त्याउलट 'डिडाखे' या अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती पुस्तिकेचा १६वा अध्याय क्रम देतो तो असा: जगाला फसवणारा, अग्निपरीक्षा, मग कर्णा आणि मेलेल्यांचं उठणं.

दुसरी_बाजू
उशिरा मांडलं म्हणून खोटं ठरत नाही. आणि डार्बी पहिलाही नव्हे. मॉर्गन एडवर्ड्स या बाप्तिस्त पाळकाने १७८८ साली छापलेल्या निबंधात वर घेतलं जाणं आणि परत येणं यांत सुमारे साडेतीन वर्षांचं अंतर ठेवलंय. दुसऱ्या शतकातला बिशप इरेनियसही आपल्या ग्रंथाच्या पाचव्या पुस्तकात, ५:२९ मध्ये, मंडळी अचानक वर घेतली जाण्याचं आणि मग संकटाचं बोलतो.

जुनी_पोथी
इरेनियसचं तेच पुस्तक तीन प्रकरणं मागे उलटा. ५:२६ मध्ये दहा राजे मंडळीला पळवून लावतात. ती आधीच वर गेली असेल तर पळवतात कुणाला?

हिशेबनीस
ख्रिस्त कधी येणार याच्या तारखा काढणाऱ्यांची चूक कुठे होते ते कुणी लिहिलं नाही. अमेरिकन उपदेशक विल्यम मिलरने दानीएल ८:१४ मधले २,३०० दिवस वर्षं धरली, सुरुवात इ.स.पू. ४५७. नुसती वजाबाकी केली की १८४३ येतं. शून्य साल नसतं हे ध्यानात आल्यावर १८४४. रेडिओवरच्या हॅरोल्ड कॅम्पिंगने नोहाचा जलप्रलय इ.स.पू. ४९९० ला धरला, त्यात ७,००० वर्षं मिळवली, शून्य साल वगळलं आणि २१ मे २०११ सांगितला. तो गेला तसा २१ ऑक्टोबर. १९८८ला रॅप्चर होणार ही घोषणा आणखी सोपी: इस्राएल राष्ट्र झालं ते १९४८ अधिक मत्तय २४:३४ मधल्या 'पिढी'ची ४० वर्षं. बेरीज तिन्ही ठिकाणी बरोबर! घोटाळा पहिल्या आकड्यात. तो पवित्र शास्त्र देत नाही, मोजणारा ठरवतो.

दुसरी_बाजू
ही माणसं आमच्या खात्यावर टाकू नका. मिलर डार्बीच्या परंपरेतला नव्हता. आमची शिकवण हीच की रॅप्चरला आधी कोणतंही चिन्ह लागत नाही, तो कोणत्याही क्षणी होऊ शकतो. जो तारीख सांगतो तो स्वतःच्याच सिद्धांताची मोडतोड करतो.

अधोरेखित
मग मत्तय २४:४० चित्रांवर छापणं तरी थांबवा. 'शेतात दोघे असतील, एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल.' त्याच्या आदल्याच वचनात पूर येऊन दुष्टांना 'वाहवून नेतो' आणि उरतो तो नोहा. तिथे घेतलं जाणं हीच शिक्षा आहे.

ग्रीक_कच्चं_नाही
इथे मी धागाकर्त्याच्या, म्हणजे अधोरेखितच्या, विरुद्ध. ३९ मधलं क्रियापद 'आइरो', ४० मधलं 'पारालाम्बानो'. योहान १४:३ मध्ये 'तुम्हांला आपल्याजवळ घेईन' तिथेही 'पारालाम्बानो' आहे, म्हणजे प्रेमाने जवळ घेणं. पण योहान १९:१६ मध्ये येशूला वधस्तंभाकडे नेण्यासाठी ताब्यात घेतात तेव्हाही हेच क्रियापद. नुसत्या शब्दावर कुणीच जिंकत नाही.

दुसरी_बाजू
आणि गंमत म्हणजे, वॉल्वुर्डसारखे आमचे मोठे अभ्यासकही २४:४० मध्ये रॅप्चर बघत नाहीत, न्यायच बघतात. चित्रं छापणाऱ्यांनी त्यांना विचारलेलं नाही.