दव 'पडते' म्हणावे की नाही?

सातवीच्या मुलांना विज्ञान शिकवतो. 'दव कसे तयार होते?' या प्रश्नावर वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिले, 'दव रात्री आकाशातून पडते.' मी ते उत्तर चूक ठरवले. एका मुलीने विचारले, "पण सर, आपण दव पडलं असंच म्हणतो ना?" मला पटकन काही सांगता आले नाही. विज्ञानाच्या तासाला 'दव पडते' हा शब्दप्रयोग टाळावा का? 'दव साचते' किंवा 'दव जमते' म्हणावे?

प्रतिसाद

टाळू नका. दोष शब्दाचा नाही, 'पडणे' म्हणजे फक्त वरून खाली येणे हा समज अपुरा आहे. ऊन पडते, थंडी पडते, उजेड पडतो, सावली पडते, भिंतीला भेग पडते, कामात खंड पडतो. यातले काहीच आभाळातून सुटून जमिनीवर आदळत नाही. मराठीत जे आपोआप घडून येते, कोणी मुद्दाम करत नाही, त्यालाही 'पडणे' लागते. दव त्याच रांगेतले.

गंमत म्हणजे पाऊस, गारा आणि बर्फही 'पडतात', आणि ते मात्र खरोखर वरून येतात. मुलांचा गोंधळ इथे होतो. भूगोलातला 'वृष्टी' हा शब्द या खऱ्या पडणाऱ्यांसाठी आहे. दव आणि धुके त्यात येत नाहीत.

आणि मुलांना हेही जरूर सांगा की त्यांची चूक फार जुनी आहे. दव वरून येते असे मोठमोठे विद्वान शतकानुशतके मानत होते. विल्यम चार्ल्स वेल्स नावाच्या डॉक्टरने 1814 मध्ये दवावर निबंध प्रसिद्ध केला. त्याने रात्री उघड्यावर लोकरीचे सारख्या वजनाचे पुंजके ठेवले. एक पुंजका गवतावर मोकळा, दुसरा दोन्ही टोकांना उघड्या, उभ्या मातीच्या नळकांड्यात. दव पावसासारखे सरळ खाली येत असते, तर दोन्हींत सारखेच पाणी भरायला हवे होते. नळकांड्यातल्या लोकरीत फारच कमी भरले. मोकळा पुंजका आपली उष्णता सगळ्या आकाशाकडे सोडत होता, म्हणून तो जास्त गार झाला आणि हवेतल्या बाष्पाचे पाणी त्याच्यावरच झाले.

प्रतिसाद

मग 'वारा पडला'चे काय? तिथे अर्थ नेमका उलटा, वारा थांबला!

प्रतिसाद

वा, हे फार कामाचे उदाहरण आहे. वारा पडला की दव पडते: एकाच वाक्यात दोन 'पडणे', आणि शास्त्रही अचूक. रात्र निरभ्र आणि वारा मंद असला की जमिनीलगतची हवा ढवळली जात नाही, गवताची पाती आसपासच्या हवेपेक्षा गार होतात. ढग असतील तर ते जमिनीची उष्णता बरीचशी परत पाठवतात, म्हणून ढगाळ रात्री दव कमी. हे वाक्य मी उद्याच फळ्यावर लिहिणार.

'साचते' मला नको वाटते. साचायला आधी पाणी कुठून तरी वाहत यावे लागते. 'जमते' चालेल.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. गार पाण्याचा ग्लास दाखवून विचारणार आहे: बाहेरच्या बाजूला हे पाणी कुठून पडले? 'पडले' कोणीच म्हणणार नाही, सगळे म्हणतील ग्लासला घाम आला. तिथून गवताच्या पात्यावर जाता येईल.

आता आणखी एक अडचण. 'आजचा दवबिंदू 18 अंश' असे वाचून मुले विचारतात, थेंबाला अंश कसे?

प्रतिसाद

रास्त शंका आहे. बोलीत आणि कवितेत दवबिंदू म्हणजे पानावरचा थेंब. शास्त्रात तो एक तापमानाचा टप्पा आहे, गोठणबिंदूसारखा. वर्गात दर वेळी 'दवबिंदू तापमान' असे पूर्ण म्हणा, चार अक्षरे जास्त झाली तरी चालतील.

समजवायला आकडे घ्या. 30 अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे 30 ग्रॅम बाष्प मावते, 20 अंशांना सुमारे 17, आणि 10 अंशांना जेमतेम 9. समजा संध्याकाळी हवा 20 अंशांवर आहे आणि तिच्यात बाष्प 9 ग्रॅमच आहे. सापेक्ष आर्द्रता, म्हणजे मावू शकेल त्याच्या तुलनेत असलेले बाष्प, निम्म्याच्या जरा वर, कुठेही पाणी दिसत नाही. रात्री गवत 10 अंशांच्या आसपास उतरले की त्याला टेकलेल्या हवेत ते बाष्प मावेनासे होते. तो 10 अंश म्हणजे त्या हवेचे दवबिंदू तापमान. हेच तापमान शून्याच्या खाली असेल आणि पातेही तितके गारठले, तर बाष्पाचे थेट हिमकण होतात. पुस्तकात त्याला दहिवर म्हणतात, जरी जुन्या मराठीत साध्या दवालाही दहिवर म्हटलेले सापडते.