सोलापूरच्या उन्हात छोटा आणि शांत पीसी: पंखे वाढवू नका, हवेची वाट बांधा

जुळेवाला

मार्च सरत आला की हा प्रश्न निघतोच: छोटा कॅबिनेट घेतला तर आपल्या उन्हाळ्यात टिकेल का, आणि डोकं न उठवता टिकेल का? उत्तरही ठरलेलं. नव्या पेठेतल्या दुकानदारापासून होस्टेलवरच्या मित्रापर्यंत सगळे सांगतात, "अजून दोन पंखे टाक." मला हे पटत नाही. वीस लिटरच्या आतल्या डब्यात (कॅबिनेटचं आकारमान लिटरमध्ये मोजतात) आधी वॅट उतरवा, मग हवेला आत यायची आणि बाहेर जायची एकच सरळ वाट करून द्या. पंख्यांचा विचार त्यानंतर.

हिशोब सोपा आहे. पीसी जेवढे वॅट खातो त्याला १.७६ ने गुणा आणि आतली हवा खोलीपेक्षा जितके अंश जास्त तापलेली चालेल तितक्याने भागा. येतं ते सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा फिरली पाहिजे. ३०० वॅट आणि १० अंश धरले तर ५३ सीएफएम. पण हे सूत्र समुद्रसपाटीवरच्या गार हवेचं. सोलापूर साडेचारशे मीटर उंचीवर, त्यात मेमधली ४२ अंशांची दुपार. ही हवा सुमारे बारा टक्के विरळ असते, म्हणजे ५३ चे ६० झाले.

आता पंखा. आर्क्टिकचा १२० मिमीचा पी१२ खोक्यावर ५६ सीएफएम सांगतो, तेही मिनिटाला १८०० फेऱ्यांना आणि पुढे-मागे काहीही नसताना. शांत म्हणावा असा वेग म्हणजे हजार फेऱ्या. तिथे ३१ उरतात. पुढे जाळी, गाळणी, मागे वायरींचा गुंता असला की मी वीसच धरतो. ३०० वॅटला असे तीन पंखे लागले. तेच २०० वॅटवर आलात तर चाळीस सीएफएमात भागतं, दोन पंखे पुरे.

३०० चे २०० कसे? रायझन ७ ७७००एक्स हा प्रोसेसर (सीपीयू) कंपनीच्या मूळ सेटिंगला १४२ वॅटपर्यंत जातो, '६५ वॅट' नावाच्या वीज वाचवणाऱ्या इको मोडमध्ये ८८ वर थांबतो. ग्राफिक्स कार्डांत आरटीएक्स ३०६० चे १७० वॅट, ४०६० चे ११५. बेरीज तुम्हीच करा.

आणि वाट म्हणजे काय? स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टशेजारचीच खिडकी उघडी ठेवली तर पंखा त्या खिडकीतली हवा ओढून बाहेर टाकत बसतो आणि फोडणीचा धूर ओट्यावर तसाच. छोट्या कॅबिनेटमध्ये नेमकं हेच होतं. सीपीयूच्या बुटक्या कूलरचा पंखा बाजूच्या जाळीपासून दोन बोटं लांब असला की तो बाहेरची हवा न घेता स्वतःचीच गरम हवा परत गिळतो. त्या फटीला दाराला लावतात तसल्या फोमच्या पट्टीचं कडं करा. कुठलाही पंखा न वाढवता काही अंश उतरतात.

खटखट_माग

काय बे, हे सगळं जुळे सोलापुरातल्या बंगल्यात बसून लिहायलाय. इकडं अशोक चौकाच्या पुढं ये. खाली यंत्रमाग, वर आमची खोली, डोक्यावर पत्रा. दिवसभर खटखट चालते, त्यात पीसीच्या पंख्याचा आवाज कुणाला ऐकू येणार? मला शांतता नको, मला मशीन बंद पडायला नको.

आणि दुसरं. आमच्या हवेत कापसाचे तंतू उडतात. ते साध्या धुळीसारखे आत जाऊन पडत नाहीत, जाळीवर चिकटून घोंगडीसारखा थर धरतात. तुझे चाळीस सीएफएम पंधरवड्यात दहा होतील. मोठा टॉवर, पुढं मोकळी जाळी, तीन पंखे फुल स्पीड, आठवड्याला ब्लोअर मारायचा. इकडं हेच चालतं.

निवांत_होटगीरोड

खटखट, तुझ्या तंतूंच्या मुद्द्यावर मी तुझ्याच बाजूने आहे, पण निष्कर्ष उलटा काढतो. तंतू येणारच. प्रश्न एवढाच की ते कुठे अडकलेले तुला परवडतील. मोकळ्या टॉवरमध्ये ते सीपीयू कूलरच्या पात्यांत जाऊन बसतात, ग्राफिक्स कार्डच्या आत बसतात, पॉवर सप्लायमध्ये बसतात. तिथून ब्लोअरने निम्मेच निघतात. छोट्या डब्यात हवा आत यायची जागा एक किंवा दोन. तिथे चुंबकाची बारीक जाळी लाव, ती काढून नळाखाली धू, वाळव, परत लाव.

अट एकच: हवा आत जास्त ढकल, बाहेर कमी ओढ. म्हणजे आत दाब किंचित जास्त राहतो आणि फटीफटींतून हवा बाहेर पडते. बाहेर ओढणारे पंखे जास्त असले की यूएसबीच्या भोकातूनसुद्धा धूळ आत येते, आणि तिथे गाळणी कोण लावणार?

खटखट_माग

धुवायला वेळ कुणाकडं हाय? पण यूएसबीच्या भोकाचं खरं हाय. माझ्या फ्रंट पोर्टात कायम बोळा.

हिशोबी

जुळेवाल्यांना त्यांच्याच आकड्यात पकडतो. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. तसलाच दुसरा पंखा शेजारी लावला तर आवाज फक्त ३ डेसिबलने चढतो आणि हवा पुन्हा तेवढीच. म्हणजे एका जोरात फिरणाऱ्या पंख्याऐवजी दोन संथ पंखे घेतले की तेवढ्याच हवेला १२ डेसिबलची बचत. मग "पंखे वाढवू नका" हा सल्ला शांततेच्या विरोधातच जातो. दुकानदार अडाणी असेल, पण इथे तो बरोबर आहे.

पुढे जाऊन विचारतो, छोटा हवाच कशाला? छोट्या डब्याचा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड १७ बाय १७ सेंटीमीटरचा, त्याच चिपसेटच्या थोड्या मोठ्या मायक्रो-एटीएक्सपेक्षा महाग. छोटा एसएफएक्स पॉवर सप्लाय साध्या एटीएक्सपेक्षा महाग. एवढे जास्त पैसे मोजून विकत काय घेतलं? उष्णतेची अडचण, आणि ती सोडवायला हा सगळा खटाटोप. तेवढ्या पैशांत तीस लिटरचा साधा कॅबिनेट आणि उंच टॉवर कूलर येतो. तो सहाशे फेऱ्यांवर झोपल्यासारखा फिरतो.

जुळेवाला

डेसिबलचा नियम बरोबर आहे, पण त्याला एक अट आहे: दोन्ही पंख्यांना स्वतःची स्वतंत्र जाळी हवी. एनआर२०० सारख्या १८ लिटरच्या डब्यात खाली दोन शेजारी-शेजारी बसतात, तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के लागू. दहा-अकरा लिटरच्या सँडविच डब्यात (बोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड पाठीला पाठ लावून) दुसरा पंखा बसतो तो पहिल्याच्याच वाटेत, किंवा कार्डाच्या पाठीला टेकून. तिथे हवा दुप्पट होत नाही. वर पंखा जाळीला अगदी चिकटला की पात्यांचा वेगळाच घूं आवाज सुरू होतो, तो कुठल्याच डेसिबलच्या गणितात येत नाही. पाच-दहा मिलीमीटरचं अंतर मिळालं तर तो जातो.

"छोटा कशाला" याला माझ्याकडे तर्काचं उत्तर नाही, गरजेचं आहे. आमच्याकडे एकाच टेबलावर पोरीचा अभ्यास, माझं काम आणि आईचं शिलाई मशीन. टॉवर जमिनीवर ठेवला तर झाडू मारताना उडालेली सगळी धूळ आधी तोच खाणार.

हिशोबी

जमिनीचा मुद्दा मान्य. पैशांचा अजून उभाच आहे.

पाणीदार

तुम्ही सगळे हवेवरच अडकलात. २४० मिमीचा लिक्विड कूलर (पंप पाण्यातून सीपीयूची उष्णता रेडिएटरपर्यंत नेतो) वरच्या बाजूला लावा, पंखे बाहेर फेकणारे. सीपीयूची उष्णता डब्यात मिसळतच नाही, थेट छतातून बाहेर. जुळेवाल्यांना हवी ती सरळ वाट यापेक्षा सरळ कुठली? लियान लीच्या ए४-एच२ओ सारखे ११ लिटरचे डबे याच कल्पनेवर बांधलेत.

निवांत_होटगीरोड

सीपीयूपुरतं बरोबर. पण वर फेकणाऱ्या रेडिएटरमधून जाते ती ग्राफिक्स कार्डाने आधीच तापवलेली हवा. खोली ३८ ची, कार्ड चालू, रेडिएटरला मिळते पंचेचाळीसच्या पुढची. पाणी असो की तांबं, त्याला मिळालेल्या हवेपेक्षा गार कुणीच होत नाही. शिवाय पंप हा कधीच न थांबणारा आवाज आहे. रात्री बाकी सगळं शांत असताना तोच कानात बसतो. दोनशे वॅटच्या मशीनला हे लाड कशाला?

पाणीदार

पंपाचा वेगही उतरवता येतो. आणि सत्तेचाळीस मिलीमीटरचा बुटका कूलर १४० वॅटच्या सीपीयूवर लावून दाखवा, मग बोलू.

निवांत_होटगीरोड

१४० वर लावणारच नाही. ८८ वर लावतो. पहिल्या पोस्टमधला निम्मा मुद्दा तोच होता.

गड्डा_यात्री

एक साधा प्रश्न. गरम हवा आपोआप वर जाते ना? मग डबा उभा ठेवला, खालून जाळी, वरून जाळी, की पंखे जवळपास लागूच नयेत. ॲपलने तसंच केलं होतं, तो नळकांड्यासारखा मॅक प्रो.

जुळेवाला

तो २०१३ चा नळकांड्या मॅक प्रो पंख्याशिवाय नव्हता. वर एक मोठा पंखा होताच, आणि तिन्ही मुख्य चिपा मधल्या एका सामायिक त्रिकोणी हीटसिंकला चिकटवलेल्या. एक चिप फार तापली तर ती उष्णता सामावायला त्या रचनेत जागा उरली नाही. पुढे एकेक ग्राफिक्स चिपच जास्त वॅटची यायला लागली आणि मशीन अडकलं. २०१७ मध्ये ॲपलने पत्रकारांना बोलावून ही अडचण मान्य केली. खरोखर बिनपंख्याचा होता तो २००० सालचा जी४ क्यूब, तो वर्षभरातच गुंडाळला.

ओढ किती असते तेही काढू. ३५ सेंटीमीटर उंचीचा डबा, आतली हवा १५ अंश जास्त गरम. वर जायचा दाब येतो सुमारे ०.२ पास्कल. पी१२ हजार फेऱ्यांवर सहा पास्कलच्या वर दाब देऊ शकतो. म्हणजे पंखा वरून खाली फेकत असेल तरी गरम हवा निमूट खाली जाते. वर फेकणं चांगलंच, टेबलावर तिथे मोकळी जागा असते म्हणून. पण हवा आपोआप वर जाईल या भरवशावर मशीन बांधू नका.

कूलर_फुल

मला कळत नाही तुम्ही सोलापुरातच राहता ना? एप्रिल ते जून घरोघरी डेझर्ट कूलर घोंघावत असतो. त्याच्या पुढे पीसीचे पंचवीस डेसिबल म्हणजे काहीच नाही. जो पैसा शांत पंख्यांवर घालणार तो कूलरच्या वाळ्यावर घाला. आपली हवा कोरडी, कूलरने खोली आठ-दहा अंश सहज उतरते. खोली दहाने उतरली की प्रोसेसरही दहाने उतरतो. कुठला कॅबिनेट एवढं देतो?

निवांत_होटगीरोड

या धाग्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच. खोलीचा प्रत्येक अंश जसाच्या तसा आत पोचतो. फक्त कूलरचा झोत थेट पीसीवर नको. आपलं बोअरचं पाणी जड, झोताबरोबर उडालेले थेंब सुकले की पांढरे डाग पडतात. ते बोर्डावर नकोत. दमट हवेची भीती मात्र बाळगू नका. चालू मशीन खोलीपेक्षा गरमच असतं, त्यावर दव धरत नाही.

आणि कूलर लावायचा तर हवेला बाहेर जायला समोरची खिडकी उघडी लागते. तिथून पुन्हा खटखटचे तंतू.

खटखट_माग

आमचे तंतू होटगी रोडपर्यंत येत नाहीत मालक, तुमची धूळ तुमचीच.

जुळेवाला

कूलर_फुल, कूलर वर्षातले तीन महिने. उरलेले नऊ महिने रात्री अकराला मी त्याच खोलीत बसतो आणि तेव्हा पंखा ऐकू येतो. त्रास आवाजापेक्षा त्याच्या चढ-उताराचा जास्त. ब्राउझर उघडला की घूंऽऽ, बंद केला की शांत, परत घूंऽऽ. कारण बोर्डवाले कॅबिनेटचे पंखे सीपीयूच्या तापमानाला बांधून देतात आणि ते क्षणात पंधरा अंश उडी मारतं. पंखे ग्राफिक्स कार्डाच्या किंवा बोर्डाच्या सेन्सरला बांधा, वेग बदलायला काही सेकंदांचा उशीर ठेवा, ६० अंशांपर्यंत वेगाची रेषा सपाट. बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) होतं, नाही तर विंडोजवर फॅन कंट्रोल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. चार पिनांचा पंखा असेल तर फारच सोपं. तीन पिनांचा असेल तर बोर्डात हेडर (पंखा जोडायची जागा) व्होल्टेजवर टाकायचा पर्याय शोधा, नाही तर तो कायम पूर्ण वेगात पळत राहतो.

हिशोबी

म्हणजे आत्तापर्यंत सांगितलेल्या गोष्टी: इको मोड, फोमची पट्टी, पंख्याची रेषा, धुता येणारी जाळी. यातलं एकही छोट्या कॅबिनेटपुरतं नाही. हेच सगळं माझ्या तीस लिटरच्या डब्यात केलं तर तो तुमच्यापेक्षा शांतच राहणार आणि स्वस्तही पडणार.

जुळेवाला

राहीलच. मी छोटा डबा मोठ्यापेक्षा गार राहतो असं कुठेच म्हटलं नाही. ज्याला छोटाच हवा त्याने काय करावं, एवढंच म्हणतोय.

गड्डा_यात्री

माझ्याकडे ३०६० आहे, ती बदलायचे पैसे नाहीत. १७० वॅट छोट्या डब्यात जमतील?

जुळेवाला

जमतील. कार्डाची पॉवर लिमिट (वॅटची मर्यादा) १३० च्या आसपास आणा आणि आपल्याच खेळात सेकंदाला किती फ्रेम येतात ते तपासा, पडतात त्या फार नसतात. कार्डाचे पंखे खालच्या जाळीकडे तोंड करून असू द्या, खाली डब्याला पाय उंच असू द्या, आणि खालची गाळणी दर रविवारी काढा. काच असलेली बाजू घेऊ नका. कार्डासमोर काच म्हणजे कार्ड आपलीच हवा पीत बसणार.

पाणीदार

काचेशिवाय आरजीबीचे रंगीत दिवे दिसणार कसे?

खटखट_माग

आमच्याकडं या. पत्र्याला भोकं हायत, दिवसा लाइट फुकट.