जुन्या बातमीतलं मासान कुठे जोडायचं? (कोरियन स्थलनावं आणि विकिडेटा)

नकाशेकार:
कोरियन बातम्यांतली गावं विकिडेटाच्या (विकिपीडियाच्या जोडीची खुली माहितीपेढी) नोंदींना जोडताना माझा नियम एकच: आज जी प्रशासकीय नोंद चालू आहे तिलाच जोडा. दक्षिण कोरियातलं मासान शहर १ जुलै २०१० ला छांगवॉनमध्ये विलीन झालं, तर १९९५ च्या बातमीतलं मासानही छांगवॉनकडे. नकाशा काढायला आजची हद्द लागते, विसर्जित शहराची हद्द शोधत कोण बसणार? शिवाय एकाच गावाचे दुवे दोन नोंदींत विखुरतात ते वेगळंच.

जुनं_दप्तर:
साफ असहमत. मार्च १९६० मध्ये निवडणुकीतल्या गैरप्रकारांविरुद्ध मासान पेटलं. तुमच्या नियमाने ते छांगवॉनचं आंदोलन ठरतं, आणि तेव्हा छांगवॉन नावाचा वेगळा गुन (ग्रामीण जिल्हा) शेजारीच होता! एकाच लेखात दोन्ही नावं आली तर दोन्ही एका नोंदीवर जाऊन आदळणार.
बातमीची तारीख घ्या. जुळू शकणाऱ्या प्रत्येक नोंदीची स्थापना (विकिडेटातला गुणधर्म पी५७१) आणि विसर्जन (पी५७६) तिच्याशी ताडून बघा. आजची हद्द हवी असेल तर नकाशा काढताना पी१३६६ (याच्या जागी कोण आलं) धरून उत्तराधिकारी नोंदीपर्यंत जा. मासानवरून छांगवॉन कधीही गाठता येतं, पण एकदा छांगवॉन लिहून ठेवलं की त्यातून मासान परत वेगळं काढता येत नाही.

नकाशेकार:
त्या तारखा सगळीकडे भरलेल्या असतात असं गृहीत धरलंय तुम्ही. आणि २०२४ च्या बातमीतही लोक सर्रास 'मासान' म्हणतात, त्याचं काय? तुमची चाळणी तिथे जुनं शहर गाळून टाकेल. उरतील मासानहाप्पो-गु आणि मासानह्वेवॉन-गु, म्हणजे आजच्या छांगवॉनचे दोन शहरी विभाग. नाणं उडवायचं का?

जुनं_दप्तर:
चाळणी नको, गुण द्या. तारीख कोरी असेल तर शून्य, विसंगत असेल तर वजा. वजा होऊनही दुसरा कुणी पुढे जात नसेल तर जुनं मासानच ठेवा. गु मात्र मजकुरात पूर्ण नाव असल्याशिवाय निवडूच नये.

हांगुल_हांजा:
तुमचं भांडण तारखेवर चाललंय, पण बरेच दुवे त्याच्या आधीच चुकतात. ग्वांग्जू घ्या. नैऋत्येचं महानगर आणि सोलशेजारच्या ग्यॉंगी प्रांतातलं शहर, हांगुलमध्ये (कोरियन लिपीत) अक्षरही वेगळं नाही. हांजा (नावाची चिनी अक्षरं) वेगळी, पण बातमीत हांजा क्वचितच छापतात. लोकप्रियतेवर सोडलं की दरवेळी महानगर जिंकतं. त्याच परिच्छेदात हानाम, इछॉन, योंगिन दिसले तर ग्यॉंगीतलं घ्या. नुसत्या 'ग्यॉंगी' शब्दाला मात्र गुण देऊ नका, खेळाच्या पानावर त्याचा अर्थ सामना.
गोसॉंग आणखी वाईट. सोक्छो जवळ असेल तर गांगवॉनचं, थोंगयॉंग किंवा डायनासोर असतील तर दक्षिण ग्यॉंगसांगचं. उत्तर कोरियातही एक आहे आणि त्याची हांजा गांगवॉनच्या गोसॉंगसारखीच, कारण मुळात तो एकच गुन होता.
प्रत्यय आंधळेपणाने छाटू नका. 'गु' काढला की देगू शहराचं 'दे' उरतं. 'दो' म्हणजे प्रांत, बेट आणि 'सुद्धा' हा शब्दयोगीही, म्हणजे जिंदो बेट गेलंच. आधी स्थलनावांच्या कोशात सगळ्यात लांब जुळणी शोधा, नाही सापडली तरच छाटणी.

नकाशेकार:
ही सगळी डोकेदुखी टाळायला सरकारी दहा अंकी कोड आहेत की. मजकुरातल्या पत्त्यावरून कोड काढा, कोडवरून नोंद.

जुनं_दप्तर:
कोड म्हणजे ओळख नव्हे. गांगवॉन जून २०२३ मध्ये विशेष स्वशासित प्रांत झाला आणि त्याचे पहिले दोन अंक ४२ चे ५१ झाले. जॉन्बुक प्रांताचे जानेवारी २०२४ मध्ये ४५ चे ५२. गावं जागच्या जागी, कोड मात्र सगळे नवे. जुन्या-नव्या कोडांचं कोष्टक नसेल तर अख्खा प्रांत दुप्पट होतो. इंछॉनच्या नाम-गुचं २०१८ मध्ये मिछुहोल-गु झालं, तेही नुसतं नामांतर. एकच नोंद ठेवा, पी१४४८ (अधिकृत नाव) मध्ये दोन्ही नावं तारखांसकट. गुनवी हा गुन २०२३ मध्ये देगूकडे गेला, तिथे फक्त पी१३१ (कोणत्या प्रशासकीय विभागात मोडतो) बदलतो.

हांगुल_हांजा:
+१. याच्या उलटा सापळा छॉंगवॉनचा (वरचं छांगवॉन नव्हे, नीट वाचा). जुना छॉंगवॉन-गुन २०१४ मध्ये छॉंग्जूत विलीन झाला आणि त्याच दिवशी शहरात छॉंगवॉन-गु निघाला. नाव तेच, पण गुनचा बराच भाग या गुच्या बाहेर आहे. इथे पी१३६६ छॉंग्जूकडे न्या, गुकडे नको.

नकाशेकार:
आणि 'जेजूदो'? बेटाची नोंद वेगळी, प्रांताची वेगळी. मी सरळ प्रांत देतो.

हांगुल_हांजा:
राज्यपाल, अर्थसंकल्प असेल तर द्या. हल्लासान पर्वत, लाव्हा, वादळ असेल तर बेट.