एटीआरचा आजवरचा इतिहास पाहता सोलापूरसाठी पंख्याचे विमान योग्य आहे का? (शहराच्या निरनिराळ्या भागांतल्या रहिवाशांची चर्चा)

होटगी रस्ता
9 जून 2025 रोजी सोलापूर–गोवा सेवा फ्लाय91 या विमान कंपनीच्या एटीआर 72-600 या पंख्याच्या विमानाने सुरू झाली, तेव्हापासून घरीदारी एकच वाक्य ऐकतो आहे: ‘पंख्याच्या विमानात जीव धोक्यात घालायचा नाही.’ ही भीती अपुऱ्या माहितीतून आली आहे, असे माझे ठाम मत आहे. एटीआर 42 पहिल्यांदा 16 ऑगस्ट 1984 रोजी उडाले आणि 72 हे मोठे भावंड 1988 मध्ये. त्याचे इंजिन जेटसारखेच टर्बाइनचे असते, फक्त त्याची बहुतेक शक्ती सहा पाती फिरवण्यासाठी वापरली जाते. शिवाय उजव्या बाजूचा पंखा ब्रेकने थांबवून तेच इंजिन चालू ठेवता येते व त्यावर विमानातली वीज आणि वातानुकूलन चालते. प्रवासी चढतात मागच्या दारातून, दाराच्याच जोडजिन्याने. म्हणजे आपल्यासारख्या लहान विमानतळावर जिन्याची गाडी लागत नाही आणि वीज पुरवणाऱ्या गाडीवाचूनही काम भागते.

विजापूर वेस
आपण सोयी सांगितल्या, अपघात सांगितले नाहीत. 31 ऑक्टोबर 1994 रोजी अमेरिकेत रोझलॉनजवळ पंखांवर बर्फ साचून एटीआर 72 कोसळले आणि 68 जण गेले. 9 ऑगस्ट 2024 रोजी ब्राझीलमध्ये विन्येदू येथे 62 जण गेले आणि तिथेही वैमानिक बर्फाबद्दल बोलत असल्याची नोंद प्राथमिक अहवालात आहे. तीस वर्षांच्या अंतराने तोच बर्फ पुन्हा समोर येत असेल, तर माझी भीती अपुऱ्या माहितीची कशी?

चाटी गल्ली
मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या सोलापुरात बर्फाची चर्चा कशाला?

विजापूर वेस
कारण विमान जमिनीवर उडत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे साधारण पाच किलोमीटर उंचीच्या वर ढगातले तापमान शून्याखाली असते आणि एटीआरची उंची तिथेच येते.

होटगी रस्ता
हा मुद्दा खरा आहे, तो मी मान्य करतो. परंतु रोझलॉननंतर काय झाले, तेही पाहावे. खिडकीतून पंखाकडे पाहिले की पुढच्या कडेला काळी रबरी पट्टी दिसते. ती हवेने फुगते आणि साचलेला बर्फ फोडून टाकते. त्या अपघातानंतर ही पट्टी मागे वाढवण्यात आली, कारण बर्फ तिच्या पलीकडे जमत होता. जानेवारी 2023 मध्ये नेपाळात पोखऱ्याला एटीआर 72 कोसळून 72 जण गेले. तिथे मात्र फ्लॅपच्या, म्हणजे पंखाच्या मागच्या हलत्या पट्टीच्या, दांड्याऐवजी पंख्यांचे दांडे ओढले गेल्याचे तपासात आढळले. 2015 मध्ये तैपेईत कोसळलेल्या एटीआरमध्ये बंद पडलेल्या इंजिनाऐवजी चालू इंजिनच बंद करण्यात आले. हा दोष प्रशिक्षणाचा आहे, पंख्याचा नव्हे.

सात रस्ता
आपण दोघेही सुरक्षेवर थांबला आहात. माझी तक्रार वेगळी आहे. किंगफिशरची एटीआर सोलापूर–मुंबई उडत होती, मग ती सेवा बंद झाली आणि शहराने वर्षानुवर्षे वाट पाहिली. विमान कोणते, यापेक्षा ते पुढच्या वर्षी असेल का, हा प्रश्न व्यापाऱ्याला महत्त्वाचा वाटतो. 10 फेब्रुवारी 2023 पासून वंदे भारत साडेसहा तासांत मुंबई गाठते. ऑक्टोबर 2025 मध्ये स्टार एअरने मुंबईसाठी एम्ब्रेअर 175 जेट आणले. पण हवाई अंतर जेमतेम 360 किलोमीटर असल्याने जेटचा वेग फार तर पंधरा मिनिटे वाचवेल. इंधन मात्र जेट जास्तच पिते, आणि ऐंशीहून कमी आसनांच्या विमानाला उतरण्याचे शुल्क नसल्याची सवलत दोघांनाही सारखीच आहे. म्हणून आसने रिकामी राहिली, तर तग धरण्याची शक्यता एटीआरलाच अधिक आहे.

विजापूर वेस
हिशेब पटला. तरीही प्रशिक्षणाचा दोष म्हणून प्रवाशाचा धोका कमी होत नाही. गोव्याला मी डिसेंबरमध्ये एटीआरने जाईन. जुलैत मात्र आईला त्यात बसवणार नाही.