टाळूवरचा चट्टा: चाई की जुन्या कर्करोगाचा प्रसार?

प्रश्न:
माझ्या आईला सहा वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग झाला होता. किमोमध्ये गेलेले केस नंतर पुन्हा दाट आले. आता मात्र टाळूवर रुपयाएवढा चट्टा पडून तेवढ्याच जागेवरचे केस गेले आहेत. चाई समजून दोन महिने मलम लावले, एकदा स्टिरॉइडचे इंजेक्शनही दिले, तरी चट्टा वाढतोच आहे. तो दुखत नाही, खाजत नाही, म्हणून आई मनावर घेत नाही. याचा जुन्या आजाराशी संबंध असू शकेल का?

प्रतिसाद (त्वचारोगतज्ज्ञ):
असू शकेल, आणि म्हणूनच बायोप्सी (त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासणे) लांबवू नये. कर्करोग असा टाळूवर पसरणे क्वचितच घडते. पण घडते तेव्हा मूळ आजार बहुधा स्तनाचा कर्करोगच असतो. त्याच्या पेशी डोक्याच्या त्वचेत शिरल्या, की केसांच्या मुळांभोवती घट्ट तंतुमय ऊती वाढते आणि मुळेच नष्ट होतात. चाईत मुळे शाबूत राहतात, त्यामुळे केस परत येण्याची आशा असते. चाईच्या चट्ट्यावर बोट फिरवले, तर त्वचा मऊ लागते. प्रसाराचा चट्टा पुष्कळदा कडक, लालसर आणि केसांची छिद्रे बुजलेला असतो. अर्थात नुसत्या नजरेने आम्हीही फसतो. तुकडा पाठवताना कर्करोगाचा पूर्वेतिहास अर्जावर अवश्य लिहावा, कारण तो ठाऊक नसल्यास विखुरलेल्या थोड्याशा पेशी तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटू शकतात.

प्रतिसाद:
माझ्या मावशीच्या बाबतीत नेमके हेच झाले होते. पेट स्कॅनमध्ये (शरीरात कर्करोग कुठे आहे ते शोधणारी तपासणी) टाळूवर काहीच दिसले नव्हते, त्यामुळे आम्ही निर्धास्त राहिलो आणि त्यात तीन महिने गेले. बायोप्सीनंतर हार्मोन रिसेप्टर व हर-२ (कर्करोगाच्या पेशींतील विशिष्ट प्रथिने) यांच्या चाचण्या त्याच तुकड्यावर पुन्हा केल्या, कारण मूळ गाठीचे गुणधर्म प्रसारात बदललेले असू शकतात आणि औषध त्यावरच ठरते. गोळ्यांनी चट्टा मऊ पडला. केस मात्र तेथे आले नाहीत.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. बायोप्सी गुरुवारी ठरली आहे. जुन्या शस्त्रक्रियेचे कागद सोबत न्यावेत का?

प्रतिसाद (त्वचारोगतज्ज्ञ):
न्यावेतच, आणि जुन्या गाठीचे मेणातले ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) प्रयोगशाळेने जपून ठेवले असतील, तर तेही मागवून घ्यावेत, म्हणजे दोन्ही तुकडे शेजारी ठेवून पडताळता येतील. कर्करोगतज्ज्ञांना आजच कळवावे, अहवालाची वाट पाहू नये.