नील बेटावर एकच दिवस: ओहोटी कधी गाठावी?

वाटसरू
डिसेंबरमध्ये आम्ही अंदमानला जाणार असून नील बेटासाठी, म्हणजे आताच्या शहीद द्वीपसाठी, एकच दिवस हाताशी आहे. सोबत नऊ वर्षांची मुलगी आणि पोहता न येणाऱ्या सासूबाई आहेत. सकाळी बेटावरच्या भरतपूर किनाऱ्यावर काचेच्या तळाची होडी आणि दुपारी लक्ष्मणपूर किनाऱ्याचा नैसर्गिक दगडी पूल, असा क्रम आम्हाला आखून मिळाला आहे. मुलीला 'खरेखुरे जिवंत' प्रवाळ पाहायचे आहेत. पाण्यात न उतरता ते दिसतील का?

किनारेवासी
दिसतील, परंतु ओहोटी गाठली तरच. दगडी पुलाजवळचा (तेथील बंगाली वस्तीत त्याला हावडा ब्रिज म्हणतात) प्रवाळखडकांचा पट्टा पाणी ओसरल्यावरच उघडा पडतो. आम्हाला पहिल्या दिवशी ऐन भरतीत तेथे नेण्यात आले आणि लांबूनच कमान पाहून परतावे लागले. दुसऱ्या दिवशी ओहोटीची वेळ विचारून पुन्हा गेलो, तेव्हा गुडघाभरही खोल नसलेल्या एका डबक्यात मोठा शिंपला (जायंट क्लॅम) दिसला. त्याचे कवच खडकात पूर्ण रुतलेले होते. दिसत होती ती केवळ निळ्या-जांभळ्या मांसल ओठांची नागमोडी रेघ. मुलाने वाकून पाहताच त्याची सावली पडली आणि ते ओठ झटकन आत गेले. आम्ही दोन पावले मागे सरून गप्प उभे राहिलो, तेव्हा ते सावकाश पुन्हा उलगडले. त्या ओठांत राहणारे सूक्ष्म शैवाल उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा शिंपल्याला मिळतो, त्यामुळे त्याला फार वेळ मिटून बसणे परवडत नाही. तासाभरात दहा डबकी पालथी घालण्यापेक्षा एकाच डबक्यापाशी उभे राहावे, असे माझे मत आहे.

अलिबागकर
आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, पंचमीला पावणेचार. हा हिशोब मुंबई-कोकणापुरता आहे, तो अंदमानात लावू नये. तेथील तक्ताच पाहावा. तिथीचा उपयोग मात्र आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असल्याने पाणी खूप मागे जाते आणि तेथे दिवसाची ओहोटी दुपारनंतर येते. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे उधाणाच्या उलट लहान भरती-ओहोटी असते, पाणी फारसे हटत नाही. अशा दिवशी पुलापेक्षा होडीवर भिस्त ठेवावी. डिसेंबरमध्ये तेथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, हेही ध्यानात असू द्यावे.

निळी रेघ
मुलीला आधीच सांगून ठेवा की जिवंत प्रवाळ बहुधा तपकिरी किंवा शेवाळी रंगाचे असतात, कारण त्यांच्या पेशींतही शैवाल राहते. पाणी अति तापले की हे शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडतात. 2010 मध्ये अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर घडले होते. होडीतून पोपटमासा दिसला, तर तो प्रवाळखडक कुरतडताना पाहता येईल. पचून बाहेर पडलेला तो चुरा पुढे किनाऱ्याची पांढरी वाळू होतो. (माझ्या भाच्याने हे कळल्यावर वाळूचा किल्ला अर्धवट सोडला होता.)

डबक्यात हात घालू देऊ नका. शंकूच्या आकाराच्या काही गोगलगायींचा दंश प्राणघातक ठरू शकतो आणि दगडमासा तर दगडासारखाच दिसतो. जाड तळाची पादत्राणे घालावीत व उघड्या खडकावरूनच चालावे. मगरीचा इशारा देणारा फलक दिसला, तर त्या पाण्यापासून दूर राहावे. अंदमानात खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत. प्रवाळ, समुद्रकाकडी (काकडीसारखा दिसणारा समुद्री प्राणी) आणि मोठा शिंपला यांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे प्रवाळाचा मेलेला तुकडाही पिशवीत टाकू नये; विमानतळावर सामान तपासले जाते.

वाटसरू
पंचांग पाहिले, आमचा दिवस चतुर्दशीचा निघाला. म्हणजे सकाळच्या भरतीत होडी आणि दुपारच्या ओहोटीत पूल, हा क्रम योगायोगाने बरोबरच ठरला. पुलापर्यंतची वाट सासूबाईंना झेपेल का?

किनारेवासी
अवघड वाटते. शेवटचा टप्पा खडबडीत आणि निसरडा आहे. त्यांना अलीकडच्या वाळूवर सावलीत बसवा. तेथे शंख पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे पुष्कळ असतात. माणूस हलला नाही, तर ते पायापाशी येतात.